दुप्पट आकाराचं दोन टप्प्यांचं मॉडेल रॉकेट, खालचा टप्पा पंखांवर तरंगत परत येणारा (बडोदा)

संदीप_मांजलपूर

मंडळी, ज्यांना मॉडेल रॉकेटचा किंवा ग्लायडरचा नाद आहे त्यांच्यासाठी हा धागा. भाचीच्या कॉलेजच्या टीमसाठी आम्ही दोन टप्प्यांचं रॉकेट बांधतोय. यात वरचा टप्पा पॅराशूटने उतरतो, आणि खालचा टप्पा म्हणजे बूस्टर, त्याला पंख आहेत, तो सुटला की ग्लायडर होऊन खाली येतो. नेहमीच्या दोन टप्प्यांच्या मॉडेलमध्ये बूस्टर गिरक्या खात कुठेतरी पडतो, त्याला काही करावं लागत नाही. इथे त्यालाच सगळ्यात जास्त काम आहे.

छोटं मॉडेल टीमकडे आधीपासून आहे. १९ मिमी नळी, ३८ सेंमी लांबी, पंखांचा पसारा २० सेंमी, १८ मिमीच्या मोटरवर उडतं आणि छान उडतं. आता तेच दुप्पट, म्हणजे ३८ मिमी नळी, ७६ सेंमी लांबी, ४० सेंमी पसारा, खाली डी १२-० आणि वर डी १२-७, दोन्ही २४ मिमीच्या मोटर.

बहुतेक लोक सगळी मापं दोनाने गुणतात, बाल्साच्या हलक्या लाकडाची जाडीसुद्धा, आणि कापायला बसतात. वरच्या टप्प्याला हे चालून जातं, तो शेवटी एक नळी, नाकाडं आणि तीन फिन, म्हणजे शेपटीच्या पात्या. बूस्टरला चालत नाही. माप दुप्पट झालं की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट होतं, म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर येणारा भार दुप्पट. आमच्या छोट्या बूस्टरचं रिकाम्या मोटरसकट वजन २४ ग्रॅम, पंख १.६ चौ. डेसिमी, म्हणजे भार १५ ग्रॅम. सरळ गुणाकार केला असता तर, रिकामी मोटर तेवढी आठपट होत नाही हे धरूनही, मोठा बूस्टर १६५ ग्रॅमच्या पुढे गेला असता, पंख ६.४ चौ. डेसिमी, भार २६. तो तरंगला असता, पण ताशी ३३-३४ किमीने जमिनीवर आला असता आणि पहिल्याच उतरण्यात पुढची नळी चेपली असती.

म्हणून बूस्टर आम्ही दुप्पट केलाच नाही. आराखडा तोच ठेवला, बांधणी नव्याने केली. पंख ३ मिमी बाल्साचे, पुढच्या कडेला बांबूची कमान. ही कमान गेंडीगेटकडे पतंगवाल्यांकडून आणली, उत्तरायणाच्या आधी ते लोक हजारो कमानी तासत बसलेले असतात, त्यांच्याकडे एकसारख्या जाडीची, गाठ नसलेली काडी मिळते आणि वजनाला हलकी असते. पंखांच्या मधला भाग कोरून त्यावर पतंगाचा कागद पातळ फेविकॉलने ताणून लावला. नळी घरीच गुंडाळली, पाइपवर ब्राउन पेपरचे दोन थर. बूस्टर ७२ ग्रॅमवर आला, रिकाम्या मोटरसकट ९२, भार साधारण १४. म्हणजे छोट्यापेक्षाही किंचित हलका.

वरचा टप्पा ८५ ग्रॅम, दोन मोटर मिळून ८३, सगळं धरून लाँचला २४० ग्रॅम.

अजून काय काय करतोय ते लिहितोच, पण आधी ज्यांनी ग्लायडर बांधलेत त्यांचं मत पाहिजे. रिफ्लेक्स, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची वर वाकवण, कसा द्यायचा यावर घरात रोज वाद चालू आहेत.

इंदूरची_स्नेहा

अरे वा, भारीच विषय. मला यातलं काही कळत नाही तरी सगळं वाचलं. ते डी १२-० आणि डी १२-७ म्हणजे काय ते सांगाल का? आणि शून्य म्हणजे मोटरमध्ये काहीच नाही असं तर नाही ना? माझा मुलगा आठवीत आहे, शाळेत पाण्याच्या रॉकेटचं प्रोजेक्ट केलं तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे.

संदीप_मांजलपूर

स्नेहाताई, सोपं आहे. अक्षर म्हणजे मोटरचा एकूण जोर, दर अक्षराला दुप्पट होत जातो. सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद, डी १० ते २०, ई २० ते ४०. मधला आकडा सरासरी थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचं बल, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा छोटा चार्ज पेटतो. ७ म्हणजे सात सेकंद. शून्य म्हणजे थांबणं नाही आणि चार्जही नाही, मोटर पुढच्या तोंडापर्यंत जळत जाते आणि तिथून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने वरची मोटर पेटते. दोन टप्प्यांचं सगळं गणित त्या शून्यावर चालतं. बॅटरी नाही, टायमर नाही, काही नाही.

तुमच्या मुलाला पाण्याच्या रॉकेटवरच अजून बरंच शिकता येईल, खरंच. पाण्याच्या रॉकेटलाही सीजी (वजनाचा तोल साधतो तो बिंदू) आणि सीपी (हवेचा जोर एकवटतो तो बिंदू) तेच लागतात. दोरा बांधून गोल फिरवून बघायची टेस्ट त्याला करायला सांगा, रॉकेट त्याच्या सीजीपाशी बांधायचं आणि डोक्यावरून फिरवायचं, नाक पुढे ठेवून फिरलं तर स्थिर आहे.

हरणीकर

संदीपभाई, चांगलं काम आहे पण एक विचारतो, राग मानू नका. मोटर कुठून आणता आणि उडवता कुठे? आमच्या हरणीला डोक्यावरून विमानं उतरतात, इथे कुणी गच्चीवरून असलं काही सोडलं तर मीच पहिला पोलिसांना फोन करेन.

संदीप_मांजलपूर

राग कसला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. मोटर आमच्या घरी येतच नाहीत. काळी दारू भरलेली मोटर म्हणजे स्फोटकांच्या कायद्यात येणारी वस्तू, १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम, त्याचं सगळं काम पेसो ही केंद्र सरकारची संस्था बघते, मुख्य कार्यालय नागपूरला. पोस्टाने मागवता येत नाही, विमानाच्या सामानात आणता येत नाही. कॉलेजच्या टीमने परवानाधारकाकडून घेतलेल्या मोटर त्यांच्याच ताब्यात असतात आणि मैदानावर त्यांच्याच हाताने बसवल्या जातात. आम्ही घरी जे करतो ते कागद, बाल्सा आणि बांबू, आणि बूस्टरच्या ग्लाइडच्या चाचण्या, त्याला मोटर लागत नाही, रिकाम्या मोटरच्या वजनाची लाकडी कांडी घालायची आणि हाताने फेकायचा.

उडवणार बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या बाजूला, कापणी झालेल्या शेतात, विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. ड्रोनच्या २०२१ च्या नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून १२ किमीपर्यंत बंधनं आहेत, ते नियम रॉकेटचे नाहीत पण आम्ही तेच अंतर किमान धरलं आणि त्याच्याही बाहेर गेलो. शिवाय पोलीस आणि जिल्हा प्रशासनाला टीमचं रीतसर पत्र, आणि शेतमालकाची परवानगी.

मैदानाच्या मापासाठी अमेरिकेतल्या एनएआर या मॉडेल रॉकेटवाल्यांच्या संस्थेचा सेफ्टी कोड पाळतोय. दोन डी मिळून ईएवढा जोर होतो, त्याला मैदानाची लहान बाजू निदान १००० फूट म्हणजे ३०० मीटर पाहिजे. लाँच करणारा माणूस ९-१० मीटरवर, वायरने. वारा ताशी ३२ किमीच्या वर असेल तर उडवायचंच नाही असं कोड म्हणतो, आम्ही आमच्या पंखवाल्या बूस्टरसाठी १० ची मर्यादा घातलीय.

नवशिका_ग्वाल्हेर

मोटर मिळायला एवढा त्रास आहे तर दिवाळीच्या रॉकेटमधली दारू काढून कागदी नळीत ठासली तर? ग्वाल्हेरला आमच्या इथे मुलं करतात असं.

संदीप_मांजलपूर

नाही. कृपा करून नाही, आणि त्या मुलांना पण थांबवा. दारू ठासताना घर्षणाने पेटते, हातातच पेटते. आणि घरी ठासलेली मोटर जळायच्या ऐवजी फुटली तर ती कागदी नळी राहत नाही. या छंदाची सुरुवातच यातून झाली, अमेरिकेत १९५० च्या दशकात मुलं घरी मोटर बनवताना बोटं आणि डोळे गमावत होती, म्हणून ओरव्हिल कार्लाइल यांच्या १९५४ च्या मॉडेलपासून तयार, भरलेली, एकदाच वापरायची मोटर हा पाया धरला गेला, आणि १९५८-५९ च्या सुमारास व्हर्न एस्टेस यांनी ती मशीनवर काढायला सुरुवात केली. बनवणाऱ्याने रॉकेट बनवायचं, मोटर कारखान्याने. हा नियम मोडून मी या धाग्यावर एक अक्षरही लिहिणार नाही.

तुम्हाला उडवायचंच असेल तर पाण्याचं रॉकेट, किंवा रबराने सोडायचा ग्लायडर. खरंच खूप मजा आहे त्यात, आणि खालच्या ज्या गोष्टींवर आम्ही डोकं फोडतोय त्यातल्या अर्ध्या त्यातच शिकता येतात.

जुना_कलाभवनी

संदीप, धागा वाचून बरं वाटलं. मी कॉलेजात असताना आम्ही पोलो ग्राउंडवर ग्लायडर सोडायचो, रॉकेट मी कधी केलं नाही, पण बिनशेपटीच्या ग्लायडरबद्दल थोडं सांगू शकतो.

तुमचा बूस्टर म्हणजे शेपूट नसलेलं विमान. अशा पंखाच्या मागच्या कडेला थोडी वर वाकवण द्यावीच लागते, तुम्ही रिफ्लेक्स म्हणता तेच. ती नसेल तर नाक खाली घालून सरळ जमिनीत. पण तीच वाकवण वर चढताना असेल तर अख्खं रॉकेट पाठीकडे वळेल, आणि वरचा टप्पा पेटेल तेव्हा ते आडवं झालेलं असेल. म्हणून चढताना सपाट आणि सुटल्यावर वर, असं काहीतरी हलतं पाहिजे. तुमच्या छोट्या मॉडेलमध्ये काय केलंय?

दुसरं, सीजी कुठे ठेवलाय? बिनशेपटीच्या पंखाला सरासरी कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या, १५ ते २० टक्क्यांवर ठेवा, सुरुवात १५ ने करा. मागे गेला की सांभाळत नाही.

संदीप_मांजलपूर

काका, नेमकं बोललात. छोट्यात एलेव्हॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, हलते आहेत. वरचा टप्पा बसवला की त्याच्या खालच्या टोकाला लावलेली एक बारीक काडी दोन्ही एलेव्हॉनच्या दोऱ्या ताणून धरते, एलेव्हॉन सपाट. टप्पा सुटला की काडी निघून जाते, रबर एलेव्हॉनला वर ओढतं, पुढे एक थांबा आहे तिथे अडकतं.

सीजीच्या बाबतीत मोठं करणं आमच्या बाजूने गेलं, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं, भाचीने दाखवलं. मापं दुप्पट झाली पण मोटर आठपट जड झाली नाही. सी ची मोटर जवळपास २३ ग्रॅम, आठपट म्हणजे १८० च्या वर व्हायला हवी होती, डी १२ भरते ४० च्या आसपास, त्यात दारू २१ ग्रॅम. म्हणजे शेपटीकडचं वजन प्रमाणाने बरंच हलकं झालं, सगळ्याचा सीजी पुढे सरकला. रॉकेट जास्त स्थिर, आणि रिकाम्या मोटरचं कवच बूस्टरच्या मागे लटकतं ते फक्त २० ग्रॅम, त्यामुळे ग्लाइडसाठी पुढे लावायची मातीही कमी लागली. छोट्या मॉडेलमध्ये नाकावर चिकणमातीचा गोळा होता, इथे वाटाण्याएवढा पुरला.

मेघा_रॉकेटटीम

मी ती भाची. 🙂 मामा सगळं सांगतोय पण एक महत्त्वाचं राहिलं.

सीपी आम्ही ओपनरॉकेट नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये काढला, ते बॅरोमन पद्धतीने काढतं, जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडलेली. पण आपल्या बूस्टरला पंख दोनच आहेत, एकाच प्रतलात. रॉकेट पोटाकडे किंवा पाठीकडे झुकलं तर हे मोठे पंख त्याला सरळ करतात, डावी-उजवीकडे झुकलं तर पंख हवेला धार दाखवतात, काही करत नाहीत, तिथे फक्त टोकांवरचे उभे फिन कामाचे. म्हणून स्थिरता दोन्ही प्रतलांत वेगवेगळी तपासावी लागते आणि जी कमी येईल ती खरी. आमची कमी वाली नळीच्या व्यासाच्या सव्वापट आली, एकपट तरी पाहिजे असा नियम आहे, म्हणजे चालतंय. पण जास्त वाली साडेतीनपट आली, आणि तिची पण काळजी आहे. फार स्थिर रॉकेट वाऱ्याकडे तोंड फिरवतं, दोन टप्प्यांमध्ये ते वाईट, कारण वळलेल्या दिशेलाच दुसरी मोटर ढकलते. म्हणून वाऱ्याची मर्यादा १० आणि वेळ सकाळी साडेसात-आठच्या आतली. हिवाळ्यात इथे तेव्हा हवा अगदी पडलेली असते, पतंगवाल्यांना नकोशी तीच आम्हाला हवी.

लाँच रॉड, म्हणजे ज्या सळईवरून रॉकेट सरळ सुटतं तो, पण बदलला. छोट्याला ३ मिमीचा पुरत होता, याला ५ मिमीचा, सव्वा मीटर लांब, कारण रॉड सोडताना वेग सेकंदाला निदान १२-१३ मीटर हवा, त्याखाली फिन काम करत नाहीत.

हरणीकर

वाचतोय. परवानग्यांचं वाचून समाधान झालं. उडवायच्या दिवशी यायला आवडेल, मुलीला पण आणेन.

जुना_कलाभवनी

मेघा, फार स्वच्छ लिहिलंस.

आता मला रबराची काळजी वाटते. बूस्टर सुटतो तेव्हा वेग किती असतो?

मेघा_रॉकेटटीम

डी १२ जवळपास १.६ सेकंद जळते. हिशोबाने सुटताना सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६०, उंची ३५-४० मीटर.

जुना_कलाभवनी

मग इथे थांबा. ग्लाइडचा वेग सेकंदाला ७ च्या आसपास असेल. ४५ म्हणजे त्याच्या साडेसहापट, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चाळीसपट. जो एलेव्हॉन ७ च्या वेगाला नाक हळूच उचलून धरतो तोच ४५ ला उघडला तर बूस्टरला जागच्या जागी लूप मारायला लावेल, आणि ३ मिमी बाल्साचे, मध्ये कोरलेले पंख त्या लूपमध्ये मुळापाशी मोडतील. छोट्या मॉडेलमध्ये हे निभावलं कारण छोटे पंख प्रमाणाने फार ताठ असतात. मोठ्यात तुम्ही पंख हलके केलेत, त्यामुळे ही सवलत गेली.

उपाय जाड पंख नाही. उपाय अशक्त रबर. रबर इतकं पातळ घ्या की वेग जास्त असेपर्यंत हवाच एलेव्हॉनला दाबून सपाट ठेवेल. बूस्टर वर चढत चढत मंदावेल, हवेचा दाब कमी होईल, मग रबर जिंकेल आणि एलेव्हॉन सावकाश वर येईल. आणि थांबा ३-४ मिमीच्या वर देऊ नका.

मापायचं कसं तेही सांगतो. मोटरसायकलवर मागे बसून हात बाहेर काढून मापायच्या भानगडीत पडू नका. टेबल फॅनसमोर धरा, फॅनच्या हवेत एलेव्हॉन उठलेला राहिला पाहिजे, आणि बोटाने अगदी हलकं दाबलं तर खाली बसला पाहिजे. बिजागरी कापडी टेपची करा, घट्ट नको, अडकली तर एक बाजू उघडेल आणि एक नाही, मग तो मळसूत्रासारखा फिरत येईल.

संदीप_मांजलपूर

काका, हे वाचल्यावर आम्ही रात्री जेवण झाल्यावर लगेच फॅन लावून बसलो. आमचं रबर दणकट होतं, छोट्या मॉडेलमधलंच जाड रबर दुहेरी घेतलं होतं. ते काढून एकेरी पातळ लावलं, फॅनसमोर एलेव्हॉन श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो, बोटाने हलकं दाबलं की बसतो, सोडलं की उठतो. बघण्यासारखं आहे.

आता दोन मोटरमधल्या जागेबद्दल, कारण रबराशी त्याचा संबंध आहे. छोट्यात दोन्ही मोटर एकमेकींना चिकटून, सेलोटेपने बांधलेल्या. मोठ्यात बूस्टरची मोटर अगदी मागे आणि वरच्या टप्प्याची पुढे, मध्ये जवळपास २० सेंमी अंतर. मधल्या नळीतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर दाबाने वरचा टप्पा पेटायच्या आधीच ढकलला जातो आणि मोटर न पेटता नुसताच सुटतो. म्हणून ३८ च्या नळीत २४ ची आतली नळी, आणि वरच्या मोटरच्या तोंडाच्या किंचित खाली ६ मिमीची दोन भोकं, आतल्या नळीतून बाहेरपर्यंत. हवा तिथून निघून जाते, मागून येणारा जळता वायू थेट वरच्या मोटरच्या तोंडात शिरतो.

पण त्या भोकांतूनच शेवटी तो जळता वायू बाहेर पण येतो. आमच्या पहिल्या आराखड्यात एक भोक बरोबर एलेव्हॉनच्या दोरीच्या वर येत होतं. दोरी जळली असती तर एक एलेव्हॉन चढतानाच उठला असता. आता भोकं पंखांपासून काटकोनात, वर आणि खाली, आजूबाजूला अ‍ॅल्युमिनियम टेप, दोरी सुतीऐवजी केव्हलारची, ती सहज जळत नाही.

आणि बूस्टरची रिकामी मोटर आत राहिलीच पाहिजे. सुटतानाच्या दाबाने ती मागे फेकली गेली तर २० ग्रॅम शेपटीतून गेले, सीजी पुढे, बूस्टर नाकावर. शिवाय गरम कवच कुणाच्या डोक्यावर पडायला नको. स्प्रिंग स्टीलची हुक लावलीय, वर टेप.

इंदूरची_स्नेहा

पुढच्या तोंडाचं काय? वरचा टप्पा निघून गेल्यावर बूस्टरची नळी पुढून उघडीच ना, हवा भरणार नाही त्यात?

संदीप_मांजलपूर

ताई, तुम्ही म्हणता की यातलं काही कळत नाही आणि बरोबर मुद्द्यावर येता. हो, ३८ मिमीचं उघडं तोंड म्हणजे मोठा ब्रेक. म्हणून दोन नळ्यांमधली जागा पुढून रिंग लावून बंद केलीय, उघडं राहतं ते फक्त आतलं २४ चं. त्यातून हवा आरपार जाते कारण शून्यवाल्या मोटरच्या पुढे मातीचा बूच नसतो, जळून झाल्यावर कवच दोन्हीकडून मोकळं असतं, मागे नोझलचं छोटं भोक. ब्रेक थोडा राहतोच. एक मीटर खाली येताना चार मीटर पुढे जातो, खऱ्या ग्लायडरवाल्यांना हे काहीच नाही, पण नाकासमोर भोक असलेल्या नळीसाठी आम्ही खूश आहोत.

मेघा_रॉकेटटीम

उडवलं!!!

सकाळी शेतात धुकं होतं, ते निवळेपर्यंत थांबलो. वारा जवळपास नाही. मोटर आमच्या सरांनी बसवल्या, काउंटडाउन, बटण, आणि रॉडवरून अगदी सरळ निघालं. पंखवालं रॉकेट साध्या रॉकेटपेक्षा सावकाश निघतं, त्यामुळे डोळ्यांनी नीट दिसतं. वरची मोटर पेटली तेव्हा धूर दोन बाजूंना फुटला, ते भोकांतून आलेलं. वरचा टप्पा सुसाट, थोडा उत्तरेकडे झुकलेला, पण फार नाही.

बूस्टर सुटल्यावर अजून बराच वर गेला, पंख न हलवता, बाणासारखा. मग मंदावला, नाक हळूहळू खाली यायला लागलं, आणि मी मामाचा हात धरला होता, कारण एलेव्हॉन अजून दिसत नव्हते. मग एकदम उठले. एक अर्धवट, मोठा, आळशी लूप, त्यातून बाहेर, आणि मग डावीकडे मोठे गोल घेत घेत खाली. अर्ध्या मिनिटाहून जास्त हवेत होता. लाँच पॅडपासून चालत जाऊन उचलला, एका पंखाच्या टोकाचा कागद फाटलाय, बाकी शाबूत.

जुना_कलाभवनी

वा! वाचतानाच माझा हात खुर्चीवर घट्ट झाला होता.

तो अर्धा लूप म्हणजे रबर अजून थोडं लवकर जिंकतंय. पंख टिकले म्हणजे वेग तोपर्यंत उतरला होता, तरी तेवढी उंची फुकट गेली. थांबा चारवरून तीनवर आणा, रबर बदलू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. डावीकडचा गोल छान आहे, तसाच ठेवा, सरळ जाणारा ग्लायडर शेताबाहेर जातो.

हरणीकर

आम्ही होतो तिथे. मुलगी घरी आल्यापासून पुठ्ठ्याचे पंख कापत बसलीय. वरचा टप्पा मात्र फार लांब गेला, शेजारच्या शेतात बांधापलीकडे.

संदीप_मांजलपूर

हो, तो पॅराशूटचा मुद्दा. ४५ सेंमीचं लावलं होतं, रिकाम्या मोटरसकट १०५ ग्रॅमला ते सेकंदाला चार मीटरच्याही खाली उतरतं. तीनशे मीटरवरून मिनिटाच्या वर हवेत, आणि वर वारा होता जो खाली आम्हाला जाणवत नव्हता. पुढच्या वेळी ३० सेंमीचं, उतरण्याचा वेग साडेपाच-सहा मीटर, कागदी नळी नांगरलेल्या मातीत तेवढं सहन करते. शेत न बदलता उंची आणखी कमी हवी असेल तर वरच्या टप्प्याला डी ऐवजी सी लावता येईल असं टीममध्ये कुणी म्हणालं, पण सी ६ ला शंभराच्या वरचं वजन जड होतं, ते आम्ही करणार नाही.

नवशिका_ग्वाल्हेर

दादा, दारूचा विचार सोडला. रबराने सोडायचा ग्लायडर करतोय, हाच बूस्टर, मोटरच्या जागी लाकडी कांडी. पंखाची मापं द्याल का? आणि ग्वाल्हेरला बाल्सा मिळत नाही, डेप्रॉन, म्हणजे फोमचा पातळ पत्रा, चालेल का?

संदीप_मांजलपूर

फार छान. मुळाशी कॉर्ड २३ सेंमी, टोकाला ११, एका पंखाची लांबी नळीपासून १८, पुढची कड मागे झुकलेली, मागची सरळ. टोकांवर उभे फिन ९ बाय ६. एलेव्हॉन मागच्या कडेला, ३ सेंमी रुंद.

डेप्रॉन ३ मिमी चालेल, पुढच्या कडेला बांबू मात्र हवाच, नाहीतर रबराच्या झटक्यात दुमडेल. डेप्रॉनला फेवीक्विक लावू नका, विरघळतं, फेविकॉल लावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पहिल्यांदा एलेव्हॉन टेपने ३ मिमी वर पक्के करून गवतावर हाताने सोडा, सरळ समोर, वर नाही. नाक उचलून थांबला आणि पडला तर पुढे माती वाढवा, सरळ खाली गेला तर माती काढा. तो नीट तरंगला की मग रबर ताणा, आणि एलेव्हॉन हलते करा.